यादीत नसलेले सात पाट

मी पोटापाण्यासाठी लोकांच्या क्वेऱ्या दुरुस्त करतो. म्हणजे कंपनीच्या डेटाबेसला कुणी काही विचारलं आणि उत्तर भलतंच आलं, तर ते का आलं हे शोधायचं, आणि सापडल्यावर विचारणाऱ्याला थोडं लाजवायचं. यातला दुसरा भाग माझ्या नोकरीच्या पत्रात लिहिलेला नाही. तो मी आवडीने करतो. रोह्याला घरीच बसून काम असतं. अंगात इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी, आणि कॅमेऱ्यासमोर तोंड असं की जणू सगळ्या जगाचा डेटा माझ्या खिशात आहे.

मुलाखतीत माझा एक ठरलेला प्रश्न असतो. दोन याद्या आहेत, त्या जोडायच्या आहेत. इनर जॉइन आणि लेफ्ट जॉइन यांत फरक काय? सोपा आहे. इनर म्हणजे दोन्ही याद्यांत ज्याचं नाव आहे तेवढीच माणसं धरायची, बाकीची सोडून द्यायची. लेफ्ट म्हणजे पहिल्या यादीतला एकूणएक माणूस ठेवायचा, आणि दुसऱ्या यादीत तो सापडला नाही तर त्याच्यासमोर जागा रिकामी सोडायची. नागोठण्याकडची एक मुलगी या प्रश्नावर अडखळली, तेव्हा मी तिला व्हिडिओवर चांगलं दहा मिनिटं प्रवचन दिलं. "मॅडम, चुकीचा जॉइन लावला तर एरर येत नाही. माणसं गुपचूप गळतात." वाक्य मलाच इतकं आवडलं की मी ते डायरीत लिहून ठेवलं. मुलीला नापास केलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण तेव्हा आठवली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण माझ्यासारख्या शहाण्याला म्हणी आठवतात त्या दुसऱ्यांसाठी.

माझ्या मामाचा पेणला गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची मोठी शेड, आत माती, साचे, फळ्यांवर ओळीने बसलेले शेकडो गणपती, आणि मध्ये स्टुलावर बसून डोळ्यांची आखणी करणारा मामा. साच्यातून मूर्ती कुणीही काढेल, रंगही देईल, पण डोळे आखायला मामाच लागतो. त्याचे सगळे हिशेब एका लांबट वहीत असत. त्या वर्षी वैशाखात त्याचा फोन आला.

"भाचेबुवा, वहीचा पसारा आवरत नाय आता. तुम्ही म्हणे मोठे डेटावाले. आमचा एवढा डेटा घ्या की पोटात."

घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, असं मी बायकोला म्हटलं खरं, पण आतून मला गुदगुल्या झाल्या होत्या. कंपनीत माझी हुशारी बघायला कोण येतं? इथे अख्खं आजोळ बघणार होतं.

आमच्या भागातली एक रीत आधी सांगितली पाहिजे. आमच्याकडे गणपती नुसता बुक करत नाहीत. घरचा लाकडी पाट कारखान्यात नेऊन देतात. त्याच पाटावर मूर्ती बसवून घरी आणायची, वर्षानुवर्षं तोच पाट. पाटाच्या खाली घरच्या कर्त्याचं नाव आणि गाव. आषाढापासून मामाच्या माळ्यावर पाटांची थप्पी लागायला सुरुवात होते. एकदा पाट घेतला की तो रिकामा परत जाता कामा नये, हा मामाचा धर्म. आजोबांच्या वेळेपासून एकही गेलेला नव्हता, आणि हे तो गिऱ्हाइकांना चहाबरोबर ऐकवायचा.

आता आमचं घर. बाबा आदल्या वर्षीच्या श्रावणात गेले. त्यामुळे त्या वर्षी आमच्याकडे गणपती बसला नाही. पाट देवघराच्या भिंतीला टेकून उभा होता, आणि आई येता-जाता त्यावरची धूळ पुसायची. मी चौदाव्या दिवशी मीटिंगला बसलो. नातेवाईक म्हणाले, पोरगा खंबीर हो! मलाही तसंच वाटलं. रडणंबिडणं काही झालं नाही, तेव्हा एक मोठं काम अंगावर होतं.

या वर्षी मात्र आषाढ लागताच आईने पाट जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला आणि स्वतः गाडीत बसून पेणला नेऊन दिला. दर वर्षी हे काम बाबांचं असे. मी म्हटलं, "अगं, मी जातोच आहे शनिवारी." तर म्हणाली, "नको. तुझ्या हातून राहायचं. औंदा पाट रिकामा राहायला नको." आणि नंतर मी पेणला गेलो की दर वेळी फोनवर एकच प्रश्न. "आपला पाट लागला का रे यादीला?"

"अगं, यादी मीच करतोय!" मी म्हणायचो.

काम सुरू झालं. मामाची सून, म्हणजे माझी वहिनी, हिने आदल्या वर्षीची वही कॉम्प्युटरवर चढवली आणि या वर्षीच्या ऑर्डरी ती येतील तशा टाकत होती. एका रकान्यात मूर्तीची उंची. "फूट", "१२", "बारा इंच", "एक फुटाला कमी", आणि एके ठिकाणी "शेजाऱ्यापेक्षा थोडा मोठा". मी वैतागलो. वहिनी म्हणाली, "लोक सांगतात तसंच लिहिलंय मी. तुम्हाला काय पाहिजे ते तुम्ही काढा त्यातनं." काढलं. आठवडा गेला.

पहिली यादी छापली आणि नागोठण्याच्या एका घराला तीन गणपती निघाले. पीतांबराचा रंग, शेल्याचा रंग आणि फेट्याचा रंग अशा त्यांच्या तीन नोंदी होत्या. मी रंगांचं टेबल जोडलं तसं घर तीनदा आलं, आणि घराबरोबर देवही. मामा यादी हातात धरून हसला. "एवढे मोदक कोण करेल त्या घरात?" ही चूक मी पंधरा मिनिटांत पकडली, आणि ती कशी पकडली हे सांगायला मात्र पाऊण तास घेतला. मामा, वहिनी, रंगकाम करणारी मावशी, सगळ्यांना उभं करून ऐकवलं. मावशी नात्यातली नव्हे, गेली कित्येक वर्षं कारखान्यात आहे, खाडीकडच्या गावातली, तिच्या माहेरी मिठागरं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, मी ब्रश धुवू का आता?"

खरी अडचण पुढे होती. पेणला येणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकाची ऑर्डर एका वाक्याची असते. "गेल्या वर्षीसारखाच." साचा नाही, उंची नाही, रंग नाही. गेल्या वर्षीसारखाच द्या, आणि चहा सांगा. मामा वही मागे पलटून बघायचा. मी म्हटलं, यात काय आहे! नवीन गिऱ्हाईक असेल तर त्याने सांगितलेला साचा. जुनं असेल तर या वर्षीची यादी गेल्या वर्षीच्या यादीला जोडायची आणि तिकडचा साचा उचलायचा. एक जॉइन. दोन मिनिटं. यादी भिंतीवर चिकटली, त्याप्रमाणे साचे भरले गेले, मूर्ती वाळल्या, रंगल्या. एरर एकही नाही.

"बेरीज जुळली का रे?" मामाने विचारलं होतं.

"जुळणार नाही तर जाते कुठे?" मी म्हटलं. जुळवली कशाशी होती? यादीतल्या नावांची बेरीज यादीतल्या मूर्तींच्या बेरजेशी. स्वतःचा पेपर स्वतःच तपासायचा आणि पैकीच्या पैकी मार्क घ्यायचे, असा प्रकार.

चतुर्थीला पाच दिवस राहिले तेव्हा माळ्यावरून पाट खाली काढले. एकेक नाव वाचायचं, मूर्ती उचलायची, पाटावर बसवायची. मी यादी घेऊन मध्ये खुर्चीवर. दुपारपर्यंत यादी संपली. यादीतल्या मूर्ती संपल्या. पाट संपले नाहीत. सात उरले.

"हे कोणाचे?" मामाने विचारलं.

मी यादीवरून नजरसुद्धा वर केली नाही. "यादीत नाहीत म्हणजे ऑर्डर नाही. कॅन्सल केली असेल. नाहीतर गेल्या वर्षीचे राहिले असतील इथेच."

"पाट देऊन कॅन्सल? आमच्याकडे?"

"मामा, सिस्टिम खोटं बोलत नाही."

हे वाक्य मी बोललो. माझ्याच तोंडाने, साक्षीदारांसमोर. आजही आठवलं की कानशिलं गरम होतात.

मावशीने सातांतला वरचा पाट उचलला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि माझ्यासमोर धरला. "दादा, यो पाट तुमचा हाय ना?"

सागाचा पाट. एका कोपऱ्यावर जळल्याचा काळा डाग. तो मी लहानपणी निरांजन कलंडवून पाडला होता आणि बाबांचा मार खाल्ला होता. खाली पांढऱ्या रंगात बाबांचं नाव, बाबांच्याच अक्षरात. र लिहिताना त्यांची शेपटी लांब जायची, तशीच.

पहिला विचार देवाशपथ सांगतो, आईचा आला नाही. पहिला विचार आला की वहिनीने नोंद केली नसेल. धावत जाऊन कॉम्प्युटर बघितला. नोंद होती. आईचं नाव, रोहे, जुनं गिऱ्हाईक, "नेहमीसारखाच, एक फूट". बाकी सहांच्याही होत्या. सगळे ऑर्डरीत होते, कुणीच यादीत नव्हतं. मी स्क्रीनकडे बघत बसलो. गावं वेगळी, उंची वेगळी, आडनावं वेगळी. या सातांना जोडणारं काही सापडेना. माझं डोकं चालेना, म्हणून मी नेहमीचं केलं: कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला.

मावशी पाट उलटे करून नावं वाचत होती. हळूहळू, बोटाने. मग म्हणाली, "या साती घरांत गेल्या साली माणूस गेला हाय. हा खांब गावचा, याची बायको गेली. हा वडखळकडचा, याची म्हातारी. हे तुमचे बाबा. गेल्या साली यांच्याकडे गणपती बसलाच नाय, तर गेल्या सालासारखा देनार कुठला?"

 

मी इनर जॉइन लावला होता. गेल्या वर्षीच्या यादीत जो नाही, तो सोडून द्या. आणि गेल्या वर्षीच्या यादीत कोण नव्हतं? ज्यांच्या घरातलं माणूस गेलं होतं ते. पन्नासदा मुलाखतीत विचारलेला प्रश्न, डायरीत लिहिलेलं वाक्य, आणि माणसं गुपचूप गळली. वहीत मामाने हे कधीच चुकवलं नसतं. त्याच्या लेखी गेल्या वर्षी म्हणजे मागच्या खेपेला, मग मधे कितीही वर्षं जावोत. ती नागोठण्याची मुलगी समोर असती तर मी तिचे पाय धरले असते.

मामा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो शिल्लक मूर्ती ठेवतो, फुटल्या-तुटल्याला असाव्यात म्हणून. त्यातून त्याने उंची-साचा बघून सहा काढल्या, सहा पाटांवर ठेवल्या. सातवी नव्हती. उरलेल्यांत एक होती तिचा हात मोडलेला.

"घरचा माणूस शेवटी," मामा म्हणाला. म्हणजे आमचा पाट रिकामा.

"मामा, आईला काय सांगू?"

"आईला का सांगायचं? पाच दिवस हायेत." त्याने कोपऱ्यातल्या शाडूच्या गोळ्याकडे बोट दाखवलं. "मला दीडशे जोडी डोळे आखायचेत, माझा हात मोकळा नाय. चूक तुझी ना? मग मळ माती."

मी हसलो. तो हसला नाही.

पुढचा दीड दिवस मी कंपनीतून रजा काढून पेणच्या शेडमध्ये गुडघे मोडून बसलो होतो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, हे आपण सगळेच सहज म्हणतो; माझा खरंच झाला. पहिल्याची सोंड पडली. दुसरा पुढे झुकला, जणू काही शोधतोय. तिसऱ्याचं पोट बसेना. मावशी जाता-येता बघायची, बोलायची नाही, फक्त एकदा म्हणाली, "दादा, पाणी कमी." चौथा उभा राहिला, म्हणजे बसला. नऊ इंच. एक खांदा वर, कान लहान-मोठे, आणि सोंड मध्येच वाकडी होऊन डावीकडे गेलेली. त्याला पंख्यासमोर ठेवला. रंग द्यायला ना वेळ होता ना माझी लायकी, मातीचाच ठेवायचं ठरलं.

त्यात आईचा फोन. "लागला का पाट?"

"लागला," मी म्हटलं. आयुष्यात आईशी इतकं स्वच्छ खोटं मी दहावीच्या गणितानंतर बोललो नव्हतो.

शेवटच्या दुपारी मामाने स्टूल ओढलं, माझा गणपती हातात घेतला, फिरवून बघितला, "अरे देवा" एवढंच म्हणाला, आणि डोळे आखले. पाच मिनिटं लागली असतील. त्याने मूर्ती खाली ठेवली तेव्हा ते बेढब प्रकरण माझ्याकडे बघत होतं. माझ्या मनात आलं, आता हा सगळं सांगणार.

पाट मांडीवर, पाटावर गणपती, तोंडावर रुमाल, असा मी पेणहून एसटीने रोह्याला आलो. कंडक्टरने मला तिकीट दिलं आणि रुमालाला हात जोडले. "कुठल्या कारखान्यातला?" त्याने विचारलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

घरी आईने दारात पायावर पाणी घातलं, औक्षण केलं, आणि आत पाट ठेवल्यावर रुमाल काढला. मी तयारीत होतो. माती आता जास्त चांगली म्हणतात, रंग नको, पर्यावरण, असलं बरंच काही पाठ केलं होतं.  आई वाकून बघत राहिली. शेवटी मीच सगळं सांगितलं. दोन याद्या, जॉइन, सात पाट, मारुती. बाबा गेल्यापासून मी तिच्याशी सलग एवढं बोललो नव्हतो.

"म्हणजे," आई म्हणाली, "ज्यांच्या घरचं माणूस गेलं, तेवढेच राहिले?"

"हो."

"आणि तुझ्या ध्यानात नाय आलं?"

"नाही गं."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "तू पण त्यातलाच ना रे?"

खरंच ध्यानात आलं नव्हतं. ज्यांच्या घरी गेल्या वर्षी काही घडलं, अशा लोकांत मी स्वतःला कधी धरलंच नव्हतं. मी खंबीर होतो, मीटिंगला होतो. आईने पुन्हा मूर्तीकडे बघितलं आणि तिला एकदम हसू फुटलं. "सोंड बघ. ह्यांचं नाक असंच होतं, डावीकडे गेलेलं." आणि हसता हसता तिने पदर तोंडाला लावला. मग मी रडलो. चौदाव्या दिवशी राहिलेलं ते वर्षभराने, आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून, लहान पोरासारखं मोठ्याने रडलो. बायको पाणी घेऊन आली आणि नुसती उभी राहिली. आरतीला आईने झांजा माझ्या हातात दिल्या. त्या बाबा वाजवायचे, ठेका सोडून. मीही तसाच वाजवला, मुद्दाम नाही.

मामाची क्वेरी मी त्याच आठवड्यात दुरुस्त केली. एक शब्द बदलला, इनरच्या जागी लेफ्ट. मामा आता यादी छापतो, भिंतीला लावतो, आणि मग माळ्यावर चढून पाट मोजतो. माझ्यादेखत मोजतो. शेजारी-पाजारी दीड दिवस येऊन आमचा गणपती बघून गेले. एकाने हळूच विचारलं की प्रवासात धक्का लागला का. आईने छाती पुढे काढून सांगितलं, "नाय हो, पोराने केलाय."

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी कुंडलिका नदीवर विसर्जनाला निघालो तेव्हा आई दारापर्यंत आली. विसर्जनानंतर नदीची चिमूटभर वाळू पाटावर घालून घरी आणतात, तिची आरती करतात. ती दर वर्षी बाबांना बजावायची तेच तिने मला बजावलं. "पाट रिकामा आणू नको."

मूर्ती कच्चीच होती, पाण्यात धरली तशी सगळ्यात आधी सोंड गेली. मी वाकून वाळू घेतली, चिमूटभर सांगितली होती, मूठभर घेतली, आणि पाट दोन्ही हातांनी धरून घरी आलो.